रक्ताच्या नात्यांवरून वन्यजीवांची मोजदाद

एखाद्या समुद्रात एका जातीचे मासे किती आहेत किंवा एखाद्या डोंगररांगेत बिबटे किती आहेत, हा प्रश्न वन्यजीवांच्या अभ्यासात सर्वांत आधी विचारला जातो आणि त्याचे भरवशाचे उत्तर बहुधा सर्वांत शेवटी हाती येते. मासेमारीची वार्षिक मर्यादा ठरवणे, एखादी जात संकटग्रस्त म्हणून जाहीर करणे, संरक्षणाचे उपाय लागू पडले की नाही हे तपासणे, ही सगळी कामे याच एका आकड्यावर उभी असतात. तरीही तो आकडा अनेकदा पकडीच्या नोंदींवरून, पाऊलखुणांवरून किंवा जाणकारांच्या अंदाजावरून काढलेला असतो. गेल्या पाव शतकात या कामासाठी एक वेगळा मार्ग पुढे आला आहे. त्यात तोच प्राणी पुन्हा सापडावा अशी अट नसते; गोळा केलेल्या नमुन्यांमध्ये कोणाचे आईबाप, कोणाची अपत्ये आणि कोणाची सावत्र भावंडे आहेत हे डीएनएवरून पाहिले जाते आणि अशा जोड्या किती सापडल्या यावरून त्या जातीचे एकूण प्रौढ प्राणी किती असावेत याचे गणित मांडले जाते. या पद्धतीबद्दल लिहिताना प्रयोगशाळेतील तंत्राचेच कौतुक अधिक होते. परंतु तिचा भरवसा त्या प्राण्याच्या वयाच्या, विणीच्या आणि वावराच्या, रानात किंवा बंदरावर जाऊन मिळवलेल्या माहितीवर तितकाच, किंबहुना अधिक, अवलंबून आहे, हे तिच्या आजवरच्या इतिहासातून दिसते.

या पद्धतीचे मूळ खूण करून पुन्हा पकडण्याच्या जुन्या रीतीत आहे. डेन्मार्कचे मत्स्यशास्त्रज्ञ योहानेस पीटरसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लेस या चपट्या माशांना खुणा लावून सोडले, आणि अमेरिकेत फ्रेडरिक लिंकन यांनी १९३० मध्ये रानबदकांच्या पायांत घातलेल्या कड्यांच्या आधारे तसेच गणित मांडले. त्यामुळे ते सूत्र आजही या दोघांच्या नावाने ओळखले जाते. तळ्यातील २०० माशांना खूण करून सोडले, काही दिवसांनी १०० मासे पकडले आणि त्यांत खुणेचे १० निघाले, तर खुणेचे मासे एकूण माशांच्या एक दशांश आहेत, म्हणजे तळ्यात सुमारे २,००० मासे आहेत, असा तो हिशेब. वाघाच्या अंगावरचे पट्टे ही निसर्गानेच केलेली खूण असल्याने उल्लास कारंथ यांनी १९९० च्या दशकात नागरहोळेच्या जंगलात स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या मदतीने हीच रीत वाघांना लावली. उत्तर अटलांटिकमधील हंपबॅक देवमाशांच्या बाबतीत त्वचेच्या तुकड्यातील डीएनए हीच खूण मानून १९९७ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. या सगळ्या रूपांत एक अट कायम राहिली, ती म्हणजे खूण केलेला प्राणी जिवंत सुटला पाहिजे आणि पुढे कधीतरी त्याची पुन्हा गाठ पडली पाहिजे. जो प्राणी गळाला लागताच मरतो, जो हजारो मैल पोहत जातो किंवा जो कॅमेऱ्यात एकसारखाच दिसतो, त्याच्याबाबतीत ही अट पाळणे अवघड होऊन बसते.

नात्यांची पद्धत ही अट ओलांडते ती एका साध्या वस्तुस्थितीच्या बळावर. लैंगिक प्रजननाने जन्मलेल्या प्रत्येक जिवाला एक आई आणि एक बाप असतो, आणि दोघांचाही निम्मा-निम्मा डीएनए त्याच्या पेशीपेशीत असतो. त्यामुळे पिल्लाचा नमुना घेतला की त्याच्या दोन जन्मदात्यांवर जणू खूण झालेली असते, मग ते जन्मदाते कधी कोणाच्या दृष्टीस पडलेले नसले तरी चालते. आता प्रौढांचाही एक नमुना घेतला आणि त्यात या पिल्लांचे किती आईबाप आहेत हे तपासले, तर ती दुसरी पकड ठरते. समुद्रात एकूण नर-मादी मिळून 'न' इतके प्रौढ असतील आणि सर्वांची प्रजननाची संधी सारखी असेल, तर यदृच्छया निवडलेला एक प्रौढ एका ठरावीक पिल्लाचा जन्मदाता असण्याची शक्यता दोन भागिले 'न' एवढी असते. समजा १,००० प्रौढ आणि १,००० पिल्ले तपासली, म्हणजे १० लाख जोड्यांची तुलना झाली, आणि त्यांत जन्मदाता-अपत्याच्या २० जोड्या सापडल्या. तर २० लाखांना २० ने भागून प्रौढांची संख्या सुमारे एक लाख येते. प्राणी कमी असतील तर नातेवाईक वारंवार भेटतात आणि जास्त असतील तर क्वचित, हे या भागाकाराचे तात्पर्य.

ही कल्पना एकाच ठिकाणी सुचली असे नाही. नॉर्वेचे संख्याशास्त्रज्ञ हान्स यूलियस स्काउग यांनी २००१ मध्ये जनुकीय साम्यावरून संख्या काढण्याचे गणित मांडले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर मिंक देवमासे होते; नॉर्वेत शिकार झालेल्या प्रत्येक मिंक देवमाशाच्या डीएनएची नोंद ठेवली जात होती, ती मुळात बेकायदा मांसविक्री ओळखता यावी म्हणून, पण त्या साठ्यात नातेसंबंधही दडलेले होते. त्याच वर्षी रास्मुस नील्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हंपबॅक देवमाशांच्या पिल्लांचे बाप शोधता शोधता प्रजननक्षम नरांची संख्या अंदाजता येते असे दाखवले. मात्र या कल्पनांना व्यवहारात वापरता येईल असे व्यापक रूप आले ते ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या शासकीय संशोधन संस्थेतील मार्क ब्रॅव्हिंग्टन यांच्या कामातून. २०१६ मध्ये त्यांनी स्काउग आणि एरिक अँडरसन यांच्यासह या पद्धतीचा सैद्धांतिक पाया सविस्तर मांडला आणि त्याच वर्षी आपल्या सहकाऱ्यांबरोबर सदर्न ब्लूफिन ट्यूनावरील अभ्यास प्रसिद्ध केला. या पद्धतीचे सामर्थ्य आणि तिच्या अडचणी दोन्ही त्या एका अभ्यासात इतक्या स्पष्ट दिसतात की त्याच्याकडे थोडे सावकाश पाहणे योग्य ठरेल.

कोकणच्या बाजारात कुपा किंवा गेदर म्हणून जे ट्यूना वर्गातील मासे येतात, त्यांच्या मानाने सदर्न ब्लूफिन हा अजस्र मासा आहे. तो ४० वर्षांपर्यंत जगतो, त्याचे वजन २०० किलोपर्यंत जाऊ शकते आणि जपानच्या बाजारात त्याला मिळणारा भाव त्याच्या मुळावर आला. दक्षिण गोलार्धाच्या समशीतोष्ण समुद्रांत दूरवर फिरणाऱ्या या माशाचे विणीचे ठिकाण मात्र एकच माहीत आहे, आणि ते जावा बेट व वायव्य ऑस्ट्रेलिया यांच्या दरम्यानच्या उबदार पाण्यात आहे. तिथे जन्मलेली पिल्ले पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याने दक्षिणेकडे उतरतात आणि दोन-चार वर्षांची असताना उन्हाळ्यात ग्रेट ऑस्ट्रेलियन बाइट या विस्तीर्ण उपसागरात थवे करून राहतात. या माशाच्या पकडीवर नियंत्रण ठेवण्यासाठी १९९४ मध्ये आंतरराष्ट्रीय आयोग अस्तित्वात आला, तरी समुद्रात मासे किती उरले याचा अंदाज मुख्यतः लांब दोरीला गळ लावून मासेमारी करणाऱ्या जपानी बोटींच्या नोंदींवर, म्हणजे ठरावीक गळांमागे किती मासे लागले यावर, बांधला जात होता. अशा नोंदींत दोन दोष असतात. मासे आटले तरी बोटी उरलेल्या थव्यांच्या जागा हेरून तिथेच जाळी-गळ टाकतात आणि त्यामुळे पकड टिकून राहिल्याचा भास होतो. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावरील कॉड माशाची पकड १९९२ मध्ये बंद करण्याची वेळ आली, त्यामागे अशा भासाचा मोठा वाटा होता. दुसरा दोष प्रामाणिकपणाचा. २००६ च्या सुमारास जपानी बाजारातील विक्रीच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा अनेक वर्षे जाहीर पकडीपेक्षा बराच जास्त ब्लूफिन बाजारात येत असल्याचे दिसून आले आणि ज्या आकडेवारीवर अंदाज उभे होते तीच डळमळीत झाली.

नात्यांच्या पद्धतीला या आकडेवारीची गरजच नव्हती. बाली बेटावरील बेनोआ बंदरात इंडोनेशियाच्या बोटी विणीच्या जागेवरून पकडलेले प्रौढ मासे उतरवतात, तर दक्षिण ऑस्ट्रेलियातील पोर्ट लिंकन इथे उपसागरात जिवंत पकडलेले कोवळे मासे तरंगत्या पिंजऱ्यांत वाढवून विकले जातात. २००६ ते २०१० या काळात या दोन ठिकाणांहून माशांच्या मांसाचे बोटाच्या पेराएवढेही नसलेले तुकडे गोळा केले गेले. नमुना देणारे मासे मेलेलेच होते आणि त्यांना कोणी मोजणीसाठी मारलेले नव्हते. व्यापारासाठी जे चालले होते त्याच्या कडेला उभे राहून शास्त्रज्ञांनी आपले काम उरकले. सुमारे १४,००० नमुन्यांमधील प्रौढ आणि कोवळ्या माशांच्या काही कोटी जोड्या संगणकाने ताडून पाहिल्या, आणि त्यांतून जन्मदाता-अपत्याच्या ४५ जोड्या हाती लागल्या. त्यांवरून निघालेली प्रौढांची संख्या २० लाखांच्या आसपास होती, जी आधीच्या समजुतीपेक्षा बरीच जास्त आणि अधिक नेमकीही होती. मासा मूळ संख्येच्या अगदी लहान अंशावर येऊन ठेपला होता हे खरेच, पण तो मानले गेले होते तितका खचलेला नव्हता. पुढे आयोगाने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या, केपटाउनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमावलीत या नात्यांच्या जोड्यांना पकडीची मर्यादा ठरवण्याच्या सूत्रातच स्थान मिळाले.

कोट्यवधी तुलनांमधून ४५ जोड्या खात्रीने वेचणे ही गोष्ट वाटते तितकी सरळ नाही. जनुकीय तपासणीत डीएनएच्या साखळीवरील काही ठरावीक जागा पाहिल्या जातात आणि प्रत्येक जागी त्या प्राण्याकडे कोणत्या दोन आवृत्त्या आहेत, एक आईकडून आलेली व एक बापाकडून आलेली, याची नोंद होते. जन्मदाता आणि अपत्य यांच्यात प्रत्येक जागी निदान एक आवृत्ती समान असलीच पाहिजे. एखादा परका मासा पाच-दहा जागी योगायोगाने हा निकष पूर्ण करील, पण जागा पुरेशा असतील आणि त्या जागी आवृत्त्यांची विविधता भरपूर असेल तर कुठेतरी त्याचे बिंग फुटतेच. प्रश्न आहे तो 'पुरेशा' म्हणजे किती याचा. चार कोटी तुलना करायच्या आणि परक्याला नातेवाईक ठरवण्याची चूक दहा लाखांत एकदाच होते असे मानले, तरी ४० खोट्या जोड्या निर्माण होतात, म्हणजे खऱ्या जोड्यांइतक्याच. आणि संख्येचा अंदाज निम्म्यावर येतो. एरवी अत्यंत समाधानकारक मानली जाईल अशी अचूकता इथे साफ अपुरी पडते. उलट दिशेचीही चूक संभवते: नमुना खराब असला, एखादी आवृत्ती यंत्राला वाचताच आली नाही किंवा दोन माशांचे मांस एकाच सुरीने कापताना मिसळले, तर खरी जोडी निसटते आणि आकडा फुगतो. ट्यूनाच्या अभ्यासात प्रत्येक माशाच्या २५ जागा तपासून, संशयास्पद नमुने बाजूला काढून ही खिंड लढवली गेली. पुढच्या काळात एकाच घटकाच्या फरकावर आधारलेल्या हजारो जागा, ज्यांना स्निप म्हणतात, एकदम वाचता येऊ लागल्या आणि हा धोका पुष्कळ कमी झाला.

प्रयोगशाळेतील चुका आवरता येतात. त्याहून अवघड भाग पुढे येतो. सर्व प्रौढांची प्रजननाची संधी सारखी असते हे वर केलेले गृहीत निसर्गात जवळजवळ कुठेच खरे नसते. ट्यूनाची मोठी मादी लहान मादीच्या कितीतरी पट अंडी घालते आणि विणीच्या जागी जास्त दिवस थांबते. त्यामुळे ती बालीच्या बोटींना सापडण्याची शक्यताही जास्त आणि तिची पिल्ले ऑस्ट्रेलियात सापडण्याची शक्यताही जास्त. हा दुहेरी परिणाम हिशेबात न घेतल्यास जोड्या अपेक्षेपेक्षा जास्त सापडतात आणि मासे खऱ्याहून कमी वाटतात. म्हणून प्रत्यक्षातील सूत्र असा प्रश्न विचारते, की हे पिल्लू ज्या वर्षी जन्मले त्या वर्षी सर्व माद्यांनी मिळून घातलेल्या अंड्यांत या एका मादीचा वाटा किती होता. त्याचे उत्तर देण्यासाठी पिल्लाचे वय, मादीचे वय व लांबी, लांबीनुसार अंड्यांचे प्रमाण, प्रौढ होण्याचे वय आणि ती मादी त्या वर्षी जिवंत होती की नाही, हे सारे माहीत असावे लागते. माशाच्या कानातील चुन्याच्या खड्यावर झाडाच्या खोडासारखी वर्षागणिक वलये उमटतात, ती मोजून वय काढण्याचे किचकट काम मत्स्यशास्त्रज्ञ शंभरहून अधिक वर्षे करत आले आहेत. त्या कामाशिवाय जनुकीय जोड्यांचा ढीग मुका राहिला असता. डीएनए नाते सांगतो, पण त्या नात्याला संख्येत बदलणारा दुवा चिकाटीने केलेल्या निसर्गाच्या निरीक्षणातूनच मिळतो.

जिथे प्रौढ प्राणी हातीच लागत नाहीत तिथे सावत्र भावंडे उपयोगी पडतात. एकच आई किंवा एकच बाप असलेली ही भावंडे सरासरीने डीएनएचा एक चतुर्थांश भाग वाटून घेतात, आणि दोन पिल्ले सावत्र भावंडे निघाली की त्यांच्या सामाईक जन्मदात्यावर, तो कधीही न दिसताही, दोनदा बोट ठेवले गेलेले असते. या नात्यातून आणखी एक गोष्ट मिळते. एक पिल्लू २००५ मध्ये आणि दुसरे २०१० मध्ये जन्मले असेल आणि दोघांची आई एकच असेल, तर ती मादी मधली पाच वर्षे जगली असली पाहिजे. म्हणून वयातील अंतर वाढत जाईल तशा सावत्र जोड्या किती वेगाने विरळ होतात यावरून प्रौढांचे वार्षिक मृत्युप्रमाण काढता येते. आईकडूनच येणाऱ्या मायटोकाँड्रियाच्या डीएनएवरून सामाईक जन्मदाता मादी असण्याची शक्यता किती आणि नर असण्याची किती, हेही बऱ्याच अंशी ताडता येते. एकाच वर्षी जन्मलेली भावंडे मात्र बहुधा वगळावी लागतात, कारण माशांच्या एखाद्या विणीला अनुकूल प्रवाह लाभला तर तिचीच पिल्ले घोळक्याने वाचतात आणि हिशेब बिघडतो. आजी-नातू किंवा मावशी-भाचा यांचे डीएनएसाम्यही सरासरीने एक चतुर्थांशच असल्याने या नात्यांची सावत्र भावंडांशी गल्लत होते, आणि ती सोडवायला पुन्हा वयाचीच माहिती लागते.

मोठ्या पांढऱ्या शार्कवरील २०१८ चा अभ्यास हे या प्रकाराचे ठळक उदाहरण आहे. पूर्व ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर या शार्कचे प्रौढ क्वचितच सापडतात, पण न्यू साउथ वेल्समधील पोर्ट स्टीफन्ससारख्या ठिकाणी कोवळ्या शार्क नेमाने येतात आणि त्यांच्या त्वचेचे नमुने घेता येतात. केवळ या पिल्लांमधील सावत्र भावंडांवरून सीएसआयआरओच्या शास्त्रज्ञांनी पूर्व ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या समूहातील प्रौढांची संख्या सुमारे ७५० काढली, ती ४७० ते १,०३० यांच्या दरम्यान असावी असे सांगितले, आणि प्रौढांपैकी ९० टक्क्यांहून अधिक दरवर्षी जगतात असा निष्कर्ष काढला. पिल्लांच्या अंगावर बसवलेल्या ध्वनिसंदेशक यंत्रांतून त्यांच्या जगण्याचे प्रमाण मिळाले, आणि त्याची जोड देऊन लहानमोठ्या मिळून एकूण शार्क सुमारे ५,५०० असाव्यात असा अंदाज आला. त्याची मर्यादा मात्र २,९०० ते १२,८०० अशी ऐसपैस होती. शार्कच्या हल्ल्यांवरून तिथे नेहमी वाद पेटतो आणि शार्क बेसुमार वाढल्या आहेत की नामशेष होत आहेत, यावर प्रत्येक पक्ष छातीठोकपणे बोलतो. अशा वेळी एवढी रुंद मर्यादाही मोलाची ठरते, कारण ती ज्ञानाची सीमा प्रामाणिकपणे दाखवते.

किती नमुने लागतील याचा एक सोपा अंदाज वरच्या गणितातूनच निघतो. पन्नासेक जोड्या मिळाल्या तर अंदाज सुमारे १५ टक्क्यांच्या आतबाहेर स्थिरावतो, आणि तेवढ्या जोड्यांसाठी लागणारे नमुने हे प्रौढांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या सुमारे दहापट असतात. १० हजार प्रौढांसाठी हजार नमुने आणि १० लाख प्रौढांसाठी १० हजार नमुने पुरतात. संख्या शंभरपट झाली तरी मेहनत दहापटच वाढते, कारण प्रत्येक नव्या नमुन्याची तुलना आधीच्या सर्वांशी होते. परंतु ज्या माशांचे प्रौढ शंभर कोटींच्या घरात आहेत त्यांच्यासाठी तीन लाखांहून अधिक नमुने लागतील, आणि तो खर्च कुणालाही परवडणारा नाही. दुसऱ्या टोकाला एखाद्या अभयारण्यात वीसच प्राणी उरले असतील तर प्रत्येकाला ओळखून मोजणेच शहाणपणाचे.

ही पद्धत खरोखर बरोबर उत्तर देते का, हे ज्या ठिकाणी उत्तर आधीच माहीत आहे तिथे तपासणे आवश्यक होते. कॅनडाच्या नोव्हा स्कॉशियातील सात ओढ्यांमधील ब्रुक ट्राउट माशांवर डॅनिएल रुझांटे आणि सहकाऱ्यांनी जुनी खुणेची रीत आणि नवी नात्यांची रीत शेजारी-शेजारी वापरून पाहिली, आणि २०१९ मध्ये दोन्हींची उत्तरे चांगली जुळत असल्याचे दाखवले. त्याउलट काही अभ्यासांनी सावध केले. नातेवाईक एकमेकांच्या जवळ राहत असतील आणि नमुनेही त्याच जागेवरून घेतले जात असतील, तर जोड्या अवाजवी सापडतात; याउलट पिल्ले एका उपसमूहातून आणि प्रौढ दुसऱ्यातून आले तर जोड्या सापडतच नाहीत आणि आकडा आभाळाला भिडतो. फ्रान्सच्या पश्चिमेस बिस्केच्या उपसागरात काटेरी पाठीच्या पाकट माशांचे २०११ ते २०१७ या काळातील ७,२६७ नमुने तपासले गेले आणि जन्मदाता-अपत्याच्या ९९ जोड्या मिळाल्या, पण त्यांतील निम्म्याहून अधिक उपसागराच्या मध्यभागातच सापडल्या. म्हणजे ज्याला एकच समूह समजले होते ते बहुधा शेजारी-शेजारी राहणारे वेगवेगळे समूह होते. अशा वेळी जोड्या नकाशावर मांडून पाहणे हीच पहिली तपासणी ठरते. पद्धतीचा दोष पद्धतीच्याच आकडेवारीत दिसून यावा, हा तिचा एक दुर्मीळ गुण मानला पाहिजे.

इथे एका गोंधळाचा निरास करणे आवश्यक आहे. जनुकशास्त्रात 'परिणामी समूहसंख्या' नावाची एक जुनी संकल्पना आहे, जी एखाद्या समूहातील जनुकीय विविधता किती वेगाने घटेल हे सांगते. काही मोजकेच नर बहुतेक पिल्लांचे बाप असतील तर ती संख्या प्रत्यक्ष संख्येच्या एक दशांशही असू शकते. नात्यांच्या पद्धतीतून मिळणारी संख्या ही खऱ्याखुऱ्या प्रौढांची, म्हणजे डोकी मोजल्यावर मिळेल ती असते. दोन्ही आकडे डीएनएवरूनच येत असल्याने वृत्तपत्रांत त्यांची सरमिसळ होते आणि एखादी जात अकारण संपत आल्याचे जाहीर होते.

भारतात वन्यजीवगणनेचा इतिहास आकड्यावरील विश्वास कसा गमावला आणि पुन्हा कमावला जातो याचा आहे. वाघांच्या पाऊलठशांवरून मोजणी करण्याची रीत अनेक दशके चालली, आणि २००५ मध्ये राजस्थानातील सरिस्कात एकही वाघ उरलेला नाही हे उघड झाले तेव्हा तिचे पितळ उघडे पडले. त्यानंतर डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने कॅमेऱ्यांवर आधारलेली देशव्यापी पद्धत आणली. तिच्यानुसार वाघांची सरासरी संख्या २००६ मध्ये १,४११ आणि २०२२ मध्ये ३,६८२ होती. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील उमा रामकृष्णन यांच्या गटाने विष्ठेतील डीएनएवरून वाघ ओळखण्याची रीत बंदीपूरमध्ये पारखली आणि ती पुढे मध्य भारतातील जंगलांमधील वाघांचे दळणवळण तपासण्यासाठीही उपयोगी ठरली. हत्तींच्या बाबतीत तर लिदीतील डीएनएवर आधारलेली पहिली देशव्यापी मोजणी झाली. तिचा २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज २२,४४६ हत्तींचा आहे. मात्र या सर्व मोजण्या तोच प्राणी पुन्हा सापडण्यावर आधारलेल्या आहेत, नात्यांवर नाहीत. एकाच प्राण्याची ओळख पटवायला मोजक्या जागा पुरतात, तेवढ्यांवर सावत्र भावंडे सापडत नाहीत. आणि उन्हापावसात पडून राहिलेल्या विष्ठेतला डीएनए तुटलेला व जिवाणूंच्या डीएनएने भरलेला असल्याने हजारो जागा वाचणे खर्चाचे होते.

त्याहून मोठी अडचण वयाची आहे. विष्ठेवरून वाघ कोणता हे कळते, पण तो बछडा की म्हातारा हे कळत नाही, आणि वयावाचून कोण कोणाचा जन्मदाता हेही ठरत नाही, कारण जन्मदाता-अपत्याची जोडी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. हत्ती याबाबतीत सोयीचा आहे. लिदीच्या गोळ्याचा घेर हत्तीच्या वयाबरोबर वाढतो आणि त्यावरून पिल्लू, तरुण व प्रौढ असे ढोबळ वर्ग पाडता येतात. इतर प्राण्यांसाठी आशा आहे ती डीएनएवर वयानुसार बदलणाऱ्या रासायनिक खुणांची. मिथाइल गटांच्या या खुणा काही ठरावीक जागी वयाबरोबर वाढतात किंवा घटतात, आणि ऑस्ट्रेलियात काही माशांचे वय त्यांच्यावरून काढण्याची पद्धत तयारही झाली आहे. विष्ठेतील तुटक डीएनएवर ती कितपत चालेल, यावर जंगलातील प्राण्यांसाठी या पद्धतीचे भवितव्य बरेचसे ठरेल.

समुद्राच्या बाजूला परिस्थिती अधिक अनुकूल दिसते. मुंबईच्या ससून डॉकपासून सिंधुदुर्गाच्या बंदरांपर्यंत मुशी आणि पाकट जातीचे मासे नित्य उतरतात. ते उशिरा वयात येतात, थोडीच पिल्ले देतात आणि म्हणून जास्त पकडीने लवकर खचतात. आणि याच कारणामुळे त्यांच्या नात्यांचे गणित ट्यूनापेक्षा सोपे असते, कारण एका मादीच्या पिल्लांची संख्या तिच्या गर्भाशयात मोजता येते आणि मणक्यावरील वलयांवरून तिचे वय ठरते. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेचे निरीक्षक बंदरांवर जाऊन जातवार वजने आणि लांब्या टिपतातच. त्याच वेळी पराच्या टोकाचा एक तुकडा मद्यार्काच्या कुपीत टाकणे ही वाढीव मेहनत फार नाही. कुपीवर तारीख, लांबी, लिंग आणि बोट कोणत्या पाण्यातून आली हे लिहिलेले असणे मात्र अत्यावश्यक आहे, कारण या माहितीवाचूनचा डीएनए पुढे कितीही स्वस्तात वाचला तरी संख्येच्या कामाचा राहत नाही.

बिबट्यांबाबतही असाच विचार करता येईल. पश्चिम महाराष्ट्राच्या उसाच्या पट्ट्यात रस्त्यावरच्या अपघातांत आणि विहिरीत पडून बिबटे मरतात, आणि मृत प्राण्याचे शवविच्छेदन होताना दातांच्या झिजेवरून त्याच्या वयाचा अंदाज बांधता येतो. खुणेच्या जुन्या रीतीत मेलेला प्राणी हिशेबातून कायमचा बाद होतो; नात्यांच्या रीतीत तो वयासकट, लिंगासकट आणि जागेसकट मिळालेला उत्तम नमुना असतो, कारण त्याची अपत्ये आणि भावंडे शेतांत वावरतच असतात आणि त्यांच्या विष्ठेतून किंवा पकडून सोडताना घेतलेल्या रक्तातून त्यांची गाठ पडू शकते. बिबट्याचे तरुण नर दूरवर निघून जातात, तर माद्या आईच्या आसपास ठाण मांडतात, त्यामुळे बिस्केच्या पाकट माशांसारखाच जवळच्या नातेवाईकांचा प्रश्न इथेही उभा राहील आणि नमुने कुठून घेतले याची नोंद चोख असावी लागेल. बिबटे वाढले की घटले यावर गावोगावी तीव्र मतभेद असताना, प्रत्येक मृत बिबट्याच्या ऊतीचा एक तुकडा, त्याचे अंदाजे वय आणि सापडल्याचे ठिकाण एकाच ठरावीक पद्धतीने जपून ठेवण्याची व्यवस्था ही त्या उत्तराची पहिली पायरी आहे, आणि तिला महागड्या यंत्राची गरज नाही.